मीटरच्या अलीकडचे दाजी

आमच्या गल्लीच्या दाजींबद्दल दोनच तक्रारी आहेत. एक, लाईट जाते. दोन, लाईट गेली की दाजी म्हणतात, "हे माझ्याकडचं न्हवं."

दाजी हे नाव नव्हे, नातं आहे. माणूस मूळचा कागलकडचा. लग्न आमच्या गल्लीतल्या आक्काशी झालं आणि सासऱ्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी इलेक्ट्रिकचं दुकान मांडलं. मेहुण्यांनी दाजी म्हटलं म्हणून शेजाऱ्यांनी म्हटलं, शेजाऱ्यांनी म्हटलं म्हणून पोरांनी. आता दूधवालाही दाजीच म्हणतो. एकदा रात्री फ्यूज उडाल्यावर खुद्द सासरे अंधारातून "अहो दाजी!" म्हणून ओरडले होते, आणि दाजींनीही सवयीनं "आलो" म्हणून उत्तर दिलं होतं. अख्ख्या गल्लीचा जावई होणं ऐकायला मानाचं वाटतं. दाजी म्हणतात, "बाकीच्या जावयास्नी तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. मला रोज रात्री साडेअकराला येतो."

अंगावर निळसर शर्ट, खाली एम-एटी, आणि शर्टाच्या खिशाला, जिथं तुमचंआमचं पेन असतं तिथं, टेस्टर. बँकेत एकदा सही करायला त्यांनी सवयीनं टेस्टर काढला, तेव्हा पलीकडच्या कारकुनानं काउंटरवरचा हात मागे घेतला होता. दुकानाच्या भिंतीवर ओळीनं तीन फ्रेमा आहेत. अंबाबाई, शाहू महाराज आणि दाजींचा वायरमनचा सरकारी परवाना. तिघांनाही सकाळी उदबत्ती. कळंबा रोडच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला, मग वर्षभर बोर्डात अप्रेंटिस होते. खांबावर चढायला तिथंच शिकले. वर्ष संपलं तेव्हा साहेबांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "जागा निघाली की बघू." याला तीस वर्षं होऊन गेली. साहेब निवृत्त झाले. जागा निघायची आहे.

बोर्ड म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. कागदावरचं बोर्ड 2005 सालीच संपलं आणि त्याच्या कंपन्या झाल्या. वीज करणारी वेगळी, लांबवर वाहून नेणारी वेगळी, घरोघर वाटणारी वेगळी. कोल्हापूरच्या तोंडात अजून बोर्डच आहे. दाजींच्या मते ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. "वाटण्या झाल्या की म्हाताऱ्याला कोण बघत न्हाई. थोरला म्हणतोय धाकट्याकडं जावा, धाकटा म्हणतोय मधल्याचं काम हाय." म्हातारा म्हणजे आपण, गिऱ्हाईक.

दाजींचं सगळं दुःख एका रेषेवर उभं आहे आणि ती रेषा मीटरमधून जाते. मीटरपर्यंतचं जग कंपनीचं, मीटरनंतरचं ज्याच्या त्याच्या घराचं. अलीकडे मेन स्विच, एमसीबी, बटणं, पंखे, देवघरातला लाल बल्ब. इथं दाजींचं राज्य. पलीकडे सर्व्हिस वायर, खांब, डीपी, फिडर, सबस्टेशन, आणि तसंच मागे मागे जात राहिलं तर थेट कोयना. कोयनेच्या प्रकल्पाची ताकद 1,960 मेगावॉटची. एवढी वीज डोंगर ओलांडते, नद्या ओलांडते, मनोऱ्यामनोऱ्यांवरून झेपा टाकत येते आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला, खांबावरच्या एका सैल जंपरपाशी येऊन कंटाळून थांबते. मग हाक जाते ती दाजींना.

दाजी येतात. मेन स्विच उघडतात, येणाऱ्या वायरीला टेस्टर लावतात, टेस्टरच्या पोटात उजेड पडत नाही. दाजी टेस्टर पुन्हा खिशाला लावून निकाल देतात, "पलीकडं हाय." घरातल्यांची तोंडं अशी होतात, जणू डॉक्टरनं नाडी बघून 'हे यमाच्या खात्यातलं, माझ्याकडे येत नाही' म्हणून पिशवी उचलली आहे. कुणाचाच विश्वास बसत नाही. उलट गेल्या आठवड्यात दाजींनी त्या घरात बल्बचा होल्डर बदललेला असतो, तो आठवतो. "होल्डर बदलल्यापास्नंच चाललंय बगा हे."

आणि खरी गंमत म्हणा, छळ म्हणा, तो पुढे आहे. खांबावर काय झालंय हे दाजींना खालूनच दिसत असतं. वर चढून दोन मिनिटांचं काम. पण खांब कंपनीचा. परवाना असो नसो, बाहेरच्या माणसानं वर चढणं गुन्हा, आणि जिवावरचं काम. कुणाच्या घरातल्या जनरेटरची वीज उलटी फिरून तारेत आलेली असली, तर मेलेली म्हणून धरलेली तार माणसाला धरते. दाजींना हे कुणी सांगायला नको. ते खांबाखाली कमरेवर हात ठेवून उभे राहतात. पट्टीच्या पोहणाऱ्याला काठावर बसवून बुडणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगावं, तसे.

मग तक्रार. दाजी फोन लावतात. पलीकडून एक मुलगी, आमच्या गल्लीत कुणीही बोलत नाही अशा शुद्ध मराठीत, बारा अंकी ग्राहक क्रमांक विचारते. दाजी तो कागदावर बघत नाहीत. गल्लीतल्या चाळीसएक घरांचे बारा-बारा आकडे त्यांना तोंडपाठ आहेत; पाढे म्हणावेत तसे म्हणतात. आक्काचा वाढदिवस विचारला तर मात्र, "उन्हाळ्यातच कधीतरी. तवा लोडशेडिंग चालू होतं," एवढंच. तक्रार नोंदली जाते. पाऊण तासानं दाजींच्या मोबाईलवर निरोप येतो: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. तो निरोप दाजी गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवतात. त्या वेळी गल्लीत उजेड असतो तो तेवढ्या मोबाईलचाच.

लाईनमनला फोन लावावा तर लाईट गेली की त्याचाही फोन बंद होतो. यात त्याचा दोष नाही हे दाजींना ठाऊक आहे. एकटा माणूस, दहा गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीत शंभर माणसं त्याचा नंबर बाळगून असलेली. "फोन चालू ठिवला तर त्यो खांबावर एका हातानं चढंल आणि दुसऱ्या हातानं शिव्या ऐकंल," असं दाजी म्हणतात. शिव्या द्यायचा हक्क मात्र ते स्वतःकडे राखून आहेत. दुसऱ्या कुणी लाईनमनला नावं ठेवली की दाजी खवळतात. एका घरात दोन जावयांचं असतं तसलं हे नातं आहे.

2019 च्या ऑगस्टात ते बघायला मिळालं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांवर इशारा देते, 43 फुटांना धोका. त्या वर्षी ती पन्नासाच्याही वर गेली. पाणी कुठवर आलं हे आपण कोल्हापूरकर जामदार क्लब, गायकवाड वाडा असं मोजतो. दाजी डीपींवर मोजतात. कुठली डीपी किती फुटांना बंद करावी लागणार हे त्यांनी मनाशी मांडून ठेवलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर येतं. शुक्रवार पेठेत त्यांच्या मेव्हणीचं घर. तिथं गच्चीवर अडकलेली माणसं "लाईट का घालवली?" म्हणून ओरडत होती. "पाण्यात करंट सोडू काय तुमच्या?" असं दाजींनी त्यांना ठणकावलं, आणि दोनच दिवसांनी बोटीतून आलेल्या लाईनमनला आपल्या डब्यातली भाकरी दिली. पाणी उतरल्यावर पुढचे तीन आठवडे ते मेगर घेऊन घरोघरी फिरत होते. भिंतीतल्या वायरी वाळल्यात का हे तपासल्याशिवाय एकही मेन स्विच त्यांनी चढवू दिला नाही. पैसे काहींनी दिले. बाकीच्यांनी दाजी म्हणून सोडले.

असं सगळं असूनही माझं आणि दाजींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. निमित्त न्यूट्रलचं. एका दुपारी माझा टीव्ही, शेजाऱ्यांचा फ्रिज, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन, सगळं पाच मिनिटांत गेलं. धूर नाही, आवाज नाही, फक्त करपल्याचा वास. सकाळीच दाजी माझ्या घरी नवा पंखा लावून गेले होते. मी काय बोललो असेन ते वाचकांनी समजून घ्यावं. दाजींनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मला न्यूट्रल शिकवला.

"हे बगा, तीन फेज म्हंजे तीन भाऊ. न्यूट्रल म्हंजे त्यांची आई. ती मधी बसलीया तवर तिघास्नी सारखं वाडतीया. कुणाकडं पाव्हणं जास्त, कुणाकडं कमी, ती सांबाळून घेतीया. खांबावर न्यूट्रल तुटला, म्हंजे आई गेली. मंग ज्याच्याकडं लोड जास्त, त्याच्या ताटात कमी पडतंय, लाईट मिणमिणतीया. आणि ज्याच्या घरात एकच टीव्ही चालू, त्याच्या ताटात सगळं येऊन पडतंय. दोनशे तीसच्या जागी साडेतीनशे, चारशेपतोर. पचणार हाय व्हय?"

"म्हणजे जो कमी वापरतो त्याचंच जळतं?"

"गरिबाचंच जळतंय," दाजी म्हणाले, आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हा नियम वेगळ्या शब्दांत आहे, पण मला तो दाजींच्या शब्दांतच राहिला. खांबावरचा न्यूट्रल तुटलेला निघाला, जोडला गेला. टीव्हीचे पैसे कोण देणार हे विचारायला मी ऑफिसात गेलो, तर तिथल्या साहेबांनी मलाच विचारलं, "तुमचा वायरमन कोण आहे?"

आता मावशींची गोष्ट. दाजींना समजून घ्यायचं तर ती ऐकावी लागते.

मावशी गल्लीच्या टोकाला राहतात आणि चटणी करून विकतात. चटणी म्हणजे कोल्हापूरची चटणी. होळी झाली की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची गच्चीवर पसरायची, धणे, तीळ, खोबरं, लसूण, तळलेला कांदा, सगळं भाजून घ्यायचं आणि डंकावर रांगेत बसायचं. मिरगाच्या आत हे सगळं उरकावं लागतं. पाऊस लागला की मिरची दमट. वीस वर्षं दुसऱ्याच्या डंकाच्या रांगेत बसून मावशींना कंटाळा आला आणि त्यांनी स्वतःचा डंक घेतला. पाच हॉर्सपॉवरची मोटर. त्याला थ्री फेज हवं. मावशींनी दाजींना बोलावलं.

मीटरच्या अलीकडचं काम दाजींनी आठ दिवसांत केलं. वेगळी वायरिंग, वेगळा बोर्ड, दाराशी खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग. कॉन्ट्रॅक्टरची सही घेऊन टेस्ट रिपोर्ट तयार. ए-वन फॉर्म ऑनलाईन भरला. तेव्हा फेब्रुवारीचा शेवट होता. दाजींच्या खिशात पेपरातलं एक कात्रण होतं: केंद्राच्या नियमांत 2024 साली झालेली दुरुस्ती. नवं कनेक्शन महानगरात 3 दिवसांत, महापालिकेच्या हद्दीत 7 दिवसांत, खेड्यात 15 दिवसांत. "सात दिवस, मावशी. होळीला डंक चालू."

सातव्या दिवशी दाजी आणि मावशी ऑफिसात गेले. साहेब पुण्याहून नव्यानं बदलून आलेले, तरुण, सभ्य. त्यांनी अर्ज पाहिला आणि मनापासून बुचकळ्यात पडले.

"चटणी करण्यासाठी थ्री फेज? अहो, मिक्सरवर होत नाही का?"

दाजी आणि मावशी एकमेकांकडे बघत राहिले. पुण्यात चटणी ताटात डावीकडे वाढतात, खोबऱ्याची, चमचाभर. हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. आणि इथं चटणी क्विंटलानं होते हे साहेबांना माहीत नव्हतं.

"मिक्सरवर करतो की," मावशी म्हणाल्या, "चार पोती हाईत. तुमी मिक्सर धरा, मी घालतो."

कोल्हापुरात बाईमाणूस स्वतःला 'करतो, घालतो' म्हणते हेही साहेबांना नवं होतं. त्यांनी मावशींच्या मागे कोण पुरुष बोलला ते वाकून पाहिलं.

पुढचा प्रश्न दराचा. हे दुकान म्हणायचं की उद्योग? दुकानाचा दर महाग. दरपत्रकात पिठाची गिरणी, डाळ मिल, पोहे मिल, मसाला मिल हे सगळं उद्योगात बसतं. दाजींनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून आणली होती. साहेबांनी ती वाचली आणि विचारलं, "पण चटणी मसाल्यात येते का?"

हा प्रश्न कोल्हापुरात, भर ऑफिसात, पंधरा माणसांसमोर विचारला गेला. रांगेतली बिल भरायला आलेली माणसं वळली. दाजी मला नंतर म्हणाले, "मी तीस वर्षं बोर्डाच्या शिव्या खातोय, पण त्या दिवशी मला सायबाची दया आली. एकटं पोरगं, परक्या गावात." मावशींनी पिशवीतून बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. कागदपत्रांचा आणि थंड चहाचा वास असलेल्या त्या खोलीत भाजलेल्या मिरचीचा वास पसरला, साहेबांना दोन शिंका आल्या आणि मसाला मिल मंजूर झाली.

दाजींना वाटलं, जिंकलो. पण जागा बघायला आलेल्या माणसानं टेप काढली.

खांबापासून मीटरपर्यंत तीस मीटरच्या आत असेल तर नुसती वायर ओढायची. त्याच्या वर गेलं तर नवा खांब. दाजींनी आधीच मोजलं होतं, अठ्ठावीस. आलेल्या माणसानं टेप धरली आणि तो चालायला लागला. वाटेत रिक्षा लावलेली होती, तिला वळसा. पुढे पारावर म्हातारी बसली होती, तिच्या पाया पडल्यासारखा वाकून तिला वळसा. भरले चौतीस.

"साहेब, करंट रिक्षाला वळसा घालून जात न्हाई," दाजी म्हणाले. "त्यो वरनं जातोय."

"मी वरनं कसं मोजू?" माणूस म्हणाला, आणि हेही खरंच होतं.

चौतीस लिहिलं गेलं. खांब लागणार. आणि खांब लागला की ते सात दिवसांचं कात्रण उपयोगाचं राहत नाही, तिथं मुदत वेगळी. शिवाय सात दिवस मोजायचे ते अर्ज 'परिपूर्ण' झाल्यापासून, आणि तो परिपूर्ण झाला की नाही हे अर्ज घेणाऱ्यानं ठरवायचं. दाजींनी दुसरा मार्ग विचारला. दुसरा मार्ग असा निघाला की खांब गिऱ्हाइकानं आपल्या पैशानं विकत घ्यावा, खड्डा आपल्या माणसांकडून काढावा, तारा आपण आणाव्यात, आणि हे सगळं होत असताना कंपनी देखरेख करील. त्या देखरेखीचे खर्चाच्या 1.3 टक्के कंपनीला भरावेत. दाजींनी हे मला रात्री सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज हळवा झाला होता. "पिच्चर बघायला माणूस तिकीट काढतोय. हितं आमी पिच्चर काढायचा, त्येनी बघायचा, आणि तिकीट बी आमीच काढायचं."

मावशींकडे तेवढे पैसे नव्हते. थांबायचं ठरलं.

मग सुरू झाली फाईलची वाटचाल. दाजी फुटबॉलचे वेडे आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानाला कुलूप. त्यामुळे त्यांनी मला ती त्याच भाषेत समजावली. सेक्शनकडून सबडिव्हिजनकडे पास. सबडिव्हिजननं थोडा वेळ पायात घोळवून तो स्टोअरकडे दिला. स्टोअरमध्ये खांब नाही, म्हणून परत बॅकपास. पुन्हा सबडिव्हिजन, तिथून कॉन्ट्रॅक्टर. कॉन्ट्रॅक्टर ऑफसाईड, म्हणजे गावाला गेलेला. "असलं पासिंग," दाजी म्हणायचे, "आमच्या तालमीच्या पोरांनी केलं असतं तर फायनल सुटली नसती. गोल करायचा सोडून सगळं येतंय त्यास्नी."

मार्च गेला. गच्च्यांवर मिरच्या लाल झाल्या. मावशींनी डंकावर जुनं पातळ पांघरलं आणि पोती घेऊन पुन्हा दुसऱ्याच्या डंकाच्या रांगेत जाऊन बसल्या. गल्लीतली माणसं येता-जाता विचारायची, "काय मावशी, डंक झोपलाय व्हय?" आणि मावशी दुकानाकडे बोट दाखवायच्या. म्हणजे दाजींकडे. खांब कंपनीचा, टेप कंपनीची, रिक्षा आणखी कुणाची. पण बोट दाखवायला पत्ता असलेला माणूस एकच.

संकष्टीला दाजी बिनखांबी गणपतीला गेले. देऊळ महाद्वार रोडच्या बाजूला, आत खांब नाही म्हणून बिनखांबी. मी सोबत होतो. दाजी हात जोडून बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंत?

"म्हटलं, देवा, तुझं एवढं देऊळ खांबावाचून उभं ऱ्हायलंय. माझ्या मावशीचं मीटर तेवढं उभं कर. नारळ बोलून आलोय."

देव ऐकतो, पण आपल्या सोयीनं. एप्रिलच्या अखेरीस एका रात्री गल्लीत ट्रक शिरला आणि आठ मीटर लांबीचा सिमेंटचा खांब गटाराच्या कडेला आडवा टाकून निघून गेला. सकाळी गल्ली जमली. दाजींनी खांबावरून हात फिरवला, आक्कानं हळदकुंकू वाहिलं. आता उभा कधी करणार? खांब टाकणारा ठेकेदार वेगळा आणि खड्डा काढणारा वेगळा, असं कळलं. खड्डा काढणाऱ्याचं बिल थकलेलं होतं. खड्ड्याला महापालिकेची परवानगीही हवी होती, रस्ता त्यांचा. मे गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या साहेबांची बदली झाली. जाताना ते मावशींकडून दोन किलो चटणी घेऊन गेले, पैसे देऊन. त्यांच्या जागी बाई आल्या, सांगलीकडच्या. त्या स्वतः गल्लीत आल्या, त्या दिवशी रिक्षा भाड्याला गेली होती आणि पारावरची म्हातारी लेकीकडे. बाईंनी सरळ टेप धरली. अठ्ठावीस.

"खांब कशाला लागतोय इथं?" बाई म्हणाल्या.

चार दिवसांत वायर ओढली, मीटर बसलं. मिरग निघाला होता. गच्चीवर एक मिरची नव्हती. पहिल्या पावसाच्या सरीत मावशींनी पातळ बाजूला केलं, डंक चालू केला आणि काहीतरी कुटायचं म्हणून शेरभर मीठ कुटलं. दाजींनी बिनखांबीला नारळ फोडला. तिथल्या पायरीवर ते मला म्हणाले, "बगा, माझी चूक झाली. मागताना महिना सांगाय पायजे होता."

खांब राहिला तिथंच. आडव्या खांबावर पावसाळ्यात पोरं होडी-होडी खेळली. गणपतीत मंडळाची पोरं त्यावर बसून वर्गणीचा हिशेब करू लागली. नवरात्रात कुणीतरी त्याला ऑईलपेंट दिला. आता तो गल्लीचा कट्टा आहे. संध्याकाळी दाजी दुकान बंद करून तिथं येऊन बसतात, आणि लाईट गेली की आम्ही सगळेच जातो. बोर्डाच्या खांबावर बसून बोर्डाला शिव्या देण्यात जे सुख आहे, ते उभ्या खांबाखाली कधी मिळालं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ट्रक आला. चार माणसं दोर घेऊन उतरली. साठ्यात एक खांब कमी भरतोय, तो इथं आहे असं कागदावर दिसतंय, न्यायला आलोय, असं त्यातला मुकादम म्हणाला. पोरं खांबावरून उठेनात. कुणीतरी दाजींना हाक मारली. दाजी आले, मुकादमाचा कागद वरून खालपर्यंत वाचला, खिशातून टेस्टर काढला, तो परत ठेवून दुसऱ्या खिशातून पेन काढलं.

"अर्ज केलाय?"

"कसला अर्ज?"

"खांब न्यायचा. ऑनलाईन करायला लागतोय. मंग जागेची पाहणी हुईल, अंतर मोजाय लागंल."

मुकादमानं ट्रककडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, पारावरच्या म्हातारीकडे पाहिलं. "किती दिवस लागतील?"

"सात दिवस," दाजी खांबावर बसत म्हणाले. "अर्ज परिपूर्ण झाल्यापास्नं."